लिनक्स क्लस्टरसाठी विक्रेत्याची निवड

अनेक स्वतंत्र सर्व्हर वेगवान जाळ्याने एकमेकांना जोडून त्यांच्याकडून मोठ्या गणनेचे काम एकत्रितपणे करून घेण्याच्या रचनेला क्लस्टर म्हणतात, आणि त्यातील प्रत्येक सर्व्हरला नोड म्हणतात. १९९४ मध्ये अमेरिकेतील नासाच्या गॉडार्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ जातीचे १६ प्रोसेसर साध्या इथरनेटने जोडून आणि त्यांवर लिनक्स चालवून 'बेओवुल्फ' हा क्लस्टर उभा केला. महासंगणक एकाच कंपनीने घडवलेला असतो, त्याच कंपनीच्या संचालन प्रणालीवर चालतो आणि तिच्याच अभियंत्यांकडून सांभाळला जातो, ही तोवरची समजूत त्यामुळे मोडली. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. या बदलाने किंमत उतरली आणि विद्यापीठांच्या विभागांनाही स्वतःची गणनव्यवस्था परवडू लागली. परंतु प्रोसेसर एकाचा, मदरबोर्ड दुसऱ्याचा, जाळे तिसऱ्याचे आणि लिनक्स कोणा एकाचे नाही, अशा जोडणीत काही बिघडले तर उत्तर कोणी द्यायचे हा प्रश्न खरेदीदाराच्या अंगावर आला. विक्रेत्याची निवड करताना दर, वेग आणि नामांकन यांच्याआधी हाच प्रश्न सुटला पाहिजे, आणि तो सुटल्याची नोंद करारात उमटली पाहिजे.

विक्रेत्यांना बोलावण्यापूर्वी संस्थेने आपल्या कामाचे स्वरूप स्वतः तपासणे आवश्यक असते, कारण हे काम विक्रेत्यावर सोपवले की गरज त्याच्या मालाच्या मापाने ठरते. हवामानाचे प्रारूप किंवा द्रवगतिकीची गणना यांत शेकडो गाभे, म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्र गणनघटक, क्षणोक्षणी एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करतात. जनुकक्रमांचे विश्लेषण करणाऱ्या बहुतेक आज्ञावल्या मात्र हजारो सुट्या तुकड्यांवर स्वतंत्रपणे चालतात आणि त्यांना एकमेकांची फारशी गरज पडत नाही. पहिल्या प्रकारच्या कामात नोडांमधील जाळ्यावर खर्च करावा लागतो, तर दुसऱ्यात तोच पैसा मेमरी आणि साठवण यांकडे वळवलेला बरा. ज्या संस्थेकडे जुना सर्व्हर आहे तिने किमान काही महिने त्यावरील कामांची नोंद ठेवावी आणि कोणते काम किती गाभे, किती मेमरी आणि किती तास घेते याचा तक्ता करावा. स्लर्म नावाची, कामे रांगेत लावून नोडांवर वाटणारी मुक्त आज्ञावली ही नोंद आपोआप ठेवते. हा तक्ता हाती असलेल्या खरेदीदाराशी विक्रेत्याचा अभियंता वेगळ्या पातळीवर बोलतो, आणि दरपत्रकातील अनावश्यक घटक त्या बोलण्यातच गळून पडू लागतात.

वेगाच्या दाव्यांची परीक्षा हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षिलेला भाग आहे. महासंगणकांची यादी ज्या चाचणीवर ठरते ती एचपीएल ही चाचणी एकरेषीय समीकरणांचा एक प्रचंड, भरगच्च संच सोडवते आणि त्यात प्रोसेसरची आकडेमोडीची ताकद जवळपास पूर्ण वापरली जाते. प्रत्यक्षातील बऱ्याच आज्ञावल्यांचा वेळ मात्र आकडे मेमरीतून आणण्यात जातो. हे दुसरे वास्तव मोजण्यासाठी एचपीसीजी ही चाचणी पुढे आणली गेली. जपानच्या फुगाकू या महासंगणकाने एचपीएलमध्ये ४४२ पेटाफ्लॉप्स गाठले आणि एचपीसीजीमध्ये सुमारे १६, म्हणजे पहिल्या आकड्याच्या चार टक्क्यांहूनही कमी. तरीही हे यश त्या काळी जगात सर्वांत वरचे होते. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी. माहितीपत्रकात छापलेला आकडा बहुधा एचपीएलचाही नसतो, तर गाभ्यांची संख्या, त्यांची गती आणि प्रत्येक फेरीतील आकडेमोडी यांचा गुणाकार करून काढलेला सैद्धांतिक आकडा असतो. म्हणून संस्थेने आपल्याच दोन-तीन प्रातिनिधिक आज्ञावल्या, त्यांच्या निविष्ट माहितीसह आणि अपेक्षित उत्तरासह, एका पुडक्यात बांधून प्रत्येक इच्छुक विक्रेत्याला द्याव्यात आणि प्रस्तावित यंत्रावर त्या किती वेळात पूर्ण होतात याचा अहवाल मागावा. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी प्रात्यक्षिक प्रयोगशाळा असतात आणि दूरस्थ प्रवेशही दिला जातो. जो विक्रेता ही चाचणी टाळतो तो पुढे अडचणीच्या वेळी कसा वागेल याचा अंदाज इथेच बांधता येतो.

मेमरीच्या रचनेचे एक उदाहरण पाहिले की अशा चाचणीची गरज स्पष्ट होते. एएमडीच्या एपिक ९००४ मालिकेतील प्रोसेसरला मेमरीशी बोलण्यासाठी बारा वाहिन्या आहेत आणि बाराही वाहिन्यांत ४८०० गतीची डीडीआर-५ मेमरी बसवली तर सेकंदाला ४६०.८ गिगाबाइट इतका सैद्धांतिक प्रवाह मिळतो. एका विक्रेत्याने ३२ गिगाबाइटच्या १२ पट्ट्या दिल्या आणि दुसऱ्याने ६४ गिगाबाइटच्या ६ पट्ट्या दिल्या, तर दोन्ही दरपत्रकांत एकूण मेमरी ३८४ गिगाबाइट अशीच लिहिली जाईल. प्रत्यक्षात दुसऱ्या यंत्रात निम्म्या वाहिन्या रिकाम्या राहतील आणि मेमरीवर अवलंबून असलेली गणना जवळजवळ निम्म्या वेगाने चालेल. दुसरा विक्रेता खोटे बोलला असे म्हणता येणार नाही, कारण मागणीपत्रातच केवळ बेरीज मागितली होती. पट्ट्यांची संख्या, प्रत्येक वाहिनीची भरणी आणि स्ट्रीम या मेमरीप्रवाह मोजणाऱ्या चाचणीतील किमान आकडा हे तिन्ही मागणीपत्रात असले, तर ही पळवाट बंद होते. मेमरीतील एखादा बिट आपोआप उलटला तर तो ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी जातीची मेमरी असावी, हे वेगळे सांगण्याची गरज बहुतेक सर्व्हरांत पडत नाही. पण स्वस्तात जुळवलेल्या संगणकांवर क्लस्टर उभा करण्याचा प्रस्ताव आला तर पहिला प्रश्न हाच विचारावा, कारण चुकीचे उत्तर शांतपणे देणारे यंत्र बंद पडणाऱ्या यंत्राहून अधिक घातक असते.

जाळ्याच्या बाबतीत इन्फिनीबँड आणि इथरनेट हे दोन मुख्य पर्याय आहेत. इन्फिनीबँडवर एका नोडचा संदेश दुसऱ्यापर्यंत सुमारे एका मायक्रोसेकंदात पोहोचतो, तर नेहमीच्या पद्धतीने वापरलेल्या इथरनेटवर त्याला कितीतरी पट अधिक वेळ लागतो. परंतु एप्रिल २०२० मध्ये एनव्हिडियाने मेलानॉक्स ही कंपनी विकत घेतल्यापासून इन्फिनीबँडचा बाजार प्रामुख्याने एकाच घराण्याकडे आहे, त्यामुळे दराची घासाघीस तिथे मर्यादित राहते. ४० जोडण्यांच्या एका स्विचमध्ये मावणाऱ्या लहान क्लस्टरला त्याहून मोठ्या रचनेची गरज नसते. नोड त्यापलीकडे गेले की मात्र स्विचांची दोन थरांची मांडणी करावी लागते आणि तेव्हा खालच्या स्विचमधून वर जाणाऱ्या जोडण्या किती हे विचारणे महत्त्वाचे ठरते. ३२ नोडांसाठी वर जाणाऱ्या केवळ ८ जोडण्या दिल्या, तर सगळे एकदम बोलू लागताच प्रत्येकाच्या वाट्याला चौथाई वेग येतो. हे प्रमाण दरपत्रकाच्या पहिल्या पानावर सहसा नसते, ते आकृतीत शोधावे लागते.

भारतातील विक्रेत्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग दिसतात. पहिल्या वर्गात डेल, एचपीई, लेनोवो यांसारख्या बहुराष्ट्रीय कंपन्या येतात. २०१४ मध्ये लेनोवोने आयबीएमचा एक्स-८६ सर्व्हरांचा व्यवसाय घेतला आणि एचपीईने पुढे एसजीआय आणि २०१९ मध्ये क्रे या महासंगणक बनवणाऱ्या कंपन्या आपल्यात सामावून घेतल्या. टाटा समूहातील पुण्याच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जागतिक यादीत चौथा आला, तो एचपीच्याच सर्व्हरांवर उभा होता. दुसऱ्या वर्गात सुपरमायक्रो, गिगाबाइट, असूस यांसारखे उत्पादक येतात, जे मदरबोर्ड, पेटी आणि अर्धवट किंवा पूर्ण जुळवलेला सर्व्हर पुरवतात आणि अंतिम जुळणी व सेवा स्थानिक एकत्रीकरण कंपन्यांवर सोपवतात. तिसरा वर्ग देशात जुळणी आणि काही प्रमाणात रचना करणाऱ्यांचा आहे. नेटवेब या भारतीय कंपनीने उभारलेली आणि पुण्याच्या सी-डॅक या शासकीय संगणन संस्थेत बसवलेली 'ऐरावत' ही प्रणाली जून २०२३ च्या जागतिक यादीत ७५ व्या स्थानी आली, आणि सी-डॅकच्या स्वदेशी रचनेच्या 'रुद्र' सर्व्हरांवर आधारलेले परम रुद्र महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे राष्ट्राला अर्पण झाले. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी परम ८००० हा महासंगणक घडवणाऱ्या पुण्यात या क्षेत्राची जाण असलेले अभियंते आजही मोठ्या संख्येने आहेत, आणि महाराष्ट्रातील एखाद्या महाविद्यालयाने त्यांच्याशी बोलल्याशिवाय मागणीपत्र लिहू नये.

कोणता वर्ग चांगला असा सरसकट निवाडा देता येत नाही. पहिल्या वर्गाचे सर्व्हर महाग पडतात, पण सुटे भाग अनेक वर्षे मिळण्याची शक्यता आणि देशभरातील सेवाजाळे ही त्या किमतीची भरपाई असते. दुसऱ्या वर्गात तोच पैसा अधिक नोड देतो, मात्र सगळा भरवसा एकत्रीकरण करणाऱ्या कंपनीतील दोन-चार माणसांच्या कौशल्यावर राहतो. ज्या संस्थेत लिनक्सची सखोल जाण असलेला पूर्णवेळ सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर आहे तिने दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाचा गंभीरपणे विचार करावा. जिथे हे काम एखादा प्राध्यापक अध्यापन सांभाळून करतो तिथे जास्त पैसे देऊन पूर्ण व्यवस्था घेणे शहाणपणाचे ठरते. बहुराष्ट्रीय कंपनीचा सर्व्हर घेतला तरी देयक बहुधा तिच्या स्थानिक भागीदाराचे असते, ही गोष्ट विसरू नये. म्हणून भागीदाराकडून उत्पादकाचे अधिकारपत्र घ्यावे, माल आल्यावर प्रत्येक सर्व्हरचा अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर तपासावा आणि हमीची नोंद भागीदाराच्या नावे नसून संस्थेच्या नावे झाल्याची खात्री करावी. भागीदाराचे दुकान बंद झाले तरी हमी जिवंत राहण्याचा हाच मार्ग आहे.

लिनक्स चालते, एवढ्या विधानाला विक्रेत्याच्या तोंडी फारसा अर्थ नसतो, कारण लिनक्स जवळपास सगळीकडे चालते. विचारायचे ते असे की कोणत्या वितरणाची, म्हणजे लिनक्सच्या जुळवून दिलेल्या संचाची, कोणती आवृत्ती, कोणत्या कर्नलसह, या नेमक्या जुळणीवर तपासली गेली आहे आणि त्याचे प्रमाणपत्र आहे काय. कर्नल म्हणजे संचालन प्रणालीचा हार्डवेअरशी बोलणारा गाभा, आणि ड्रायव्हर म्हणजे एखादा विशिष्ट भाग कसा हाताळायचा हे कर्नलला सांगणारा तुकडा. जे ड्रायव्हर मूळ कर्नलमध्येच सामावलेले असतात ते कर्नल बदलला तरी त्याच्यासोबत पुढे जातात. जे कंपनी वेगळे पुरवते ते प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावे लागतात. क्लस्टरमध्ये अशी साखळीच तयार होते: इन्फिनीबँडचा ड्रायव्हर, जीपीयूचा, म्हणजे समांतर आकडेमोडीसाठीच्या वेगळ्या प्रोसेसरचा, ड्रायव्हर आणि लस्टरसारख्या समांतर फाइल प्रणालीचा नोडवरील भाग हे तिन्ही ठरावीक कर्नलांशीच जुळतात, आणि सुरक्षेसाठी कर्नल अद्ययावत केला की त्यातला एखादा दुवा निखळतो. म्हणून विक्रेत्याने कोणत्या आवृत्त्या एकमेकींशी जुळतात याचा लेखी तक्ता द्यावा आणि हमीच्या काळात वर्षातून किमान एकदा तो सुधारून द्यावा, अशी अट घालणे योग्य ठरते.

लिनक्सच्या वितरणाची निवडही विक्रेत्याच्या भरवशावर सोडू नये, हे डिसेंबर २०२० मध्ये जगभरच्या संशोधन संस्थांच्या लक्षात आले. तेव्हा रेड हॅट या कंपनीने सेंट-ओएस लिनक्स ८ या विनामूल्य वितरणाचा आधार २०२९ ऐवजी २०२१ च्या अखेरीसच थांबवण्याचे जाहीर केले, आणि त्यावर उभ्या असलेल्या असंख्य क्लस्टरांना एका वर्षात वाट बदलावी लागली. आल्मा लिनक्स आणि रॉकी लिनक्स ही वितरणे त्यातूनच २०२१ मध्ये पुढे आली. सेंट-ओएस ७ चाही आधार ३० जून २०२४ रोजी संपला. तरीही जुन्याच मसुद्यावरून उतरवलेल्या निविदेत 'सेंट-ओएस ७ सह' अशी अट राहून जाऊ शकते. अशा निविदेला हो म्हणणारा विक्रेता आधार संपलेली प्रणाली बसवून मोकळा होतो आणि करारानुसार त्याचे काही चुकलेले नसते.

सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी नावाचा एक छोटा स्वतंत्र संगणक असतो, जो मुख्य यंत्र बंद असतानाही जागा राहतो आणि त्याच्याद्वारे दूर बसून सर्व्हर चालू-बंद करणे, तापमान पाहणे आणि पडद्यावर काय दिसते आहे ते वाचणे शक्य होते. डेल त्याला आयड्रॅक म्हणते, एचपीई आयएलओ, लेनोवो एक्सक्लॅरिटी. यांतील काही सुविधा, विशेषतः दूरस्थ पडदा, वेगळा परवाना घेतल्याशिवाय उघडत नाहीत, आणि तो परवाना दरपत्रकात नसेल तर रात्री अडकलेला नोड पाहण्यासाठी कोणाला तरी सर्व्हरच्या खोलीत जावे लागते. आयपीएमआय ही १९९८ पासूनची जुनी पद्धत आणि रेडफिश हे २०१५ चे नवे मानक या दोन्हींना आधार आहे काय, हे विचारावे, कारण प्रमाणित पद्धत असली की वेगवेगळ्या कंपन्यांचे नोड एकाच आज्ञावलीने सांभाळता येतात. आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीत ओळख पटवण्यापूर्वीच पासवर्डचा सांकेतिक ठसा विचारणाऱ्याला मिळतो, ही त्रुटी मानकातच आहे; म्हणून बीएमसींचे जाळे संस्थेच्या सार्वजनिक जाळ्यापासून वेगळे राखण्याचे आणि त्यासाठी लागणाऱ्या स्वतंत्र स्विचचे काम मूळ मागणीतच धरावे.

काही उत्पादक बीएमसी आणि बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारी आज्ञावली, यांच्या सुधारित आवृत्त्या फक्त चालू हमी असलेल्यांनाच देतात, काही ठिकाणी बाहेरून घेतलेली डिस्क वा मेमरी यंत्र स्वीकारत नाही किंवा सतत इशारे देत राहते, आणि काही सर्व्हरांत बसवलेला प्रोसेसर त्या कंपनीच्या मदरबोर्डशी कायमचा बांधला जातो. हमी संपल्यावरही सुरक्षा-सुधारणा मिळतील काय, आणि इतरांचे सुटे भाग चालतील काय, या दोन प्रश्नांची उत्तरे लेखी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हमी या शब्दाभोवती सर्वाधिक गैरसमज असतात. 'पुढील कामकाजाचा दिवस' या अटीचा अर्थ तक्रार नोंदवून दूरध्वनीवर निदान पूर्ण झाल्यानंतरच्या कामकाजाच्या दिवशी अभियंता किंवा भाग पोहोचेल असा असतो. यंत्र त्या दिवशी चालू होईल, असे त्यात कुठेही म्हटलेले नसते. 'चार तासांत प्रतिसाद' यातही प्रतिसादाचेच वचन आहे. पुण्या-मुंबईतील संस्थेला मिळणारी सेवा नांदेडला, जळगावला किंवा रत्नागिरीला त्याच वेगाने मिळेल असे गृहीत धरू नये. भागांचे भांडार कोणत्या शहरात आहे आणि अभियंता कंपनीचा की कंत्राटी, हे स्पष्ट विचारावे. एका मदरबोर्डसाठी तीन आठवडे थांबलेला क्लस्टर म्हणजे प्रबंधाची मुदत जवळ आलेल्या विद्यार्थ्यांचे तीन आठवडे, आणि त्या नुकसानीची भरपाई कोणत्याही दंडकलमातून होत नाही.

या ठिकाणी एक व्यवहार्य विभागणी करता येते. गणना करणारे नोड एकसारखे असतात आणि त्यांतील एखादा बंद पडला तरी उरलेले काम करतात, त्यामुळे त्यांच्यासाठी साधी हमी घेऊन त्या बचतीतून एक-दोन राखीव नोड, काही मेमरीपट्ट्या आणि डिस्का आपल्याच कपाटात ठेवणे अधिक उपयोगी पडते. ज्या मुख्य नोडवरून सगळे प्रवेश करतात तो नोड, साठवणव्यवस्था आणि मुख्य स्विच यांना मात्र पर्याय नसतो. सर्वांत महाग हमी त्यांनाच घ्यावी. रुग्णांची किंवा व्यक्तींची माहिती साठवणाऱ्या संस्थेने बिघडलेली डिस्क परत न करण्याची मुभा सुरुवातीलाच विकत घ्यावी, नाहीतर बदली भाग मिळवण्यासाठी ती माहिती असलेली डिस्क कंपनीच्या स्वाधीन करावी लागते. पाच वर्षांची हमी मूळ खरेदीबरोबरच घेणे बहुधा किफायतशीर असते, कारण तीन वर्षांनंतर वार्षिक देखभाल कराराचा दर ठरवताना संस्थेच्या हाती काहीच उरलेले नसते.

रॅक आणि वीज या गोष्टी स्थावर विभागाच्या म्हणून बाजूला पडतात आणि मग यंत्रे खोक्यांतच राहतात. सर्व्हरची उंची यू या एककात मोजतात. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर आणि पूर्ण रॅक साधारणतः ४२ यू उंचीचा. रुंदी १९ इंच ठरलेली असली तरी खोली ठरलेली नसते, आणि जाळ्याच्या उपकरणांसाठी पूर्वी घेतलेल्या ६०० किंवा ८०० मिलिमीटर खोलीच्या रॅकमध्ये आजचे बरेच सर्व्हर मावत नाहीत. त्यांना हजार ते बाराशे मिलिमीटर खोली लागते. प्रत्येकी ५०० वॉट घेणारे ३२ नोड १६ किलोवॉट वीज खातात आणि तेवढीच उष्णता बाहेर टाकतात; एक टन क्षमतेची वातानुकूलन यंत्रणा सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता काढते, म्हणजे केवळ या नोडांसाठी साडेचार टनांहून अधिक क्षमता लागते, शिवाय एक यंत्रणा दुरुस्तीला गेली तरी काम चालावे म्हणून राखीव वेगळी. शीतकरण आणि यूपीएसमधील घट धरून एकूण वीज नोडांच्या १.६ पट मानली, तर वर्षाला सुमारे २ लाख २४ हजार युनिट होतात, आणि प्रतियुनिट १० रुपये दराने पाच वर्षांचे देयक १ कोटी १२ लाखांच्या घरात जाते. दोन विक्रेत्यांच्या दरांतील काही लाखांचा फरक या आकड्याशेजारी ठेवून पाहावा. जीपीयूच्या सर्व्हरांत हे गणित आणखी तीव्र होते, कारण एच-१०० जातीचे आठ जीपीयू असलेला एकच सर्व्हर दहा किलोवॉटपर्यंत वीज मागतो. भिंतीवर गोल पिनांचे १५ अँपिअरचे सॉकेट आणि सर्व्हरसोबत मात्र रॅकमधील वीजपट्टीत बसणारी तार, असा मेळ न बसण्याचा किरकोळ वाटणारा प्रकारही टाळायचा, तर वीजपट्ट्या, त्यांच्या तारा, रॅकमध्ये सरकवण्याच्या पट्ट्या आणि जाळ्याच्या केबली यांची संख्या दरपत्रकात ओळीने मोजून घ्यावी.

शासकीय आणि अनुदानित संस्थांना शासकीय ई-बाजारपेठ, म्हणजे जेम, आणि २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियम यांच्या चौकटीत खरेदी करावी लागते, आणि वस्तूंच्या खरेदीत तांत्रिक पात्रता मिळवलेल्यांपैकी सर्वांत कमी दर देणाऱ्यालाच काम मिळते असे सहसा घडते. त्यामुळे गुणवत्तेचा सगळा आग्रह तांत्रिक लिफाफ्यातच मांडावा लागतो: आपल्या आज्ञावलीचा कमाल वेळ, मेमरीप्रवाहाचा किमान आकडा, वीजवापराची मर्यादा, जुळत्या आवृत्त्यांचा तक्ता आणि तीन वर्षांहून जुन्या एखाद्या कार्यरत क्लस्टरचा दाखला. असा दाखला मिळाला की तिथल्या संचालकांशी न बोलता क्लस्टर प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या व्यक्तीशी बोलावे आणि काय बिघडले, कोण आले, किती दिवस लागले एवढेच विचारावे. एका कंपनीच्या माहितीपत्रकातील ओळी जशाच्या तशा मागणीपत्रात उतरवणे मात्र टाळावे. त्याने स्पर्धा संपते, लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि कामगिरीऐवजी मॉडेल क्रमांक विकत घेतला जातो. देशी मूल्यवर्धनाला प्राधान्य देणारा २०१७ चा आदेश, सर्व्हरांची भारतीय मानक ब्यूरोकडील (बीआयएस) सक्तीची नोंदणी आणि नोव्हेंबर २०२३ पासून आयातीसाठी लागणारी परवानगी यांचा परिणाम पात्रतेवर आणि पुरवठ्याच्या मुदतीवर होतो, म्हणून त्यांची कागदपत्रे निविदेच्या टप्प्यावरच मागवावीत.

मार्चअखेरीस अनुदान संपवण्याच्या घाईत माल पोहोचताच पूर्ण रक्कम देण्याची प्रथा क्लस्टरच्या बाबतीत विशेष हानिकारक आहे, कारण तेव्हा खोकी उघडलेलीही नसतात आणि हमीची घड्याळे मात्र माल कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून चालू झालेली असतात. हमी स्वीकृतीच्या तारखेपासून मोजली जाईल आणि रकमेचा लक्षणीय हिस्सा स्वीकृतीनंतर मिळेल, या दोन अटी वाटाघाटीत शेवटपर्यंत सोडू नयेत. स्वीकृती म्हणजे सही-शिक्का नव्हे. सर्व नोडांवर पूर्ण भाराने किमान ७२ तास गणना चालवून, मेमरीतील दुरुस्त झालेल्या चुकांच्याही नोंदी तपासून, प्रत्येक नोडवर तीच चाचणी स्वतंत्रपणे चालवावी आणि जो नोड इतरांपेक्षा पाच टक्क्यांहून अधिक मागे पडतो तो बदलून किंवा दुरुस्त करून घ्यावा. एकच मंद नोड समांतर गणनेत बाकी सगळ्यांना ताटकळत ठेवतो, आणि असा नोड पहिल्याच आठवड्यात सापडला नाही तर पुढे तो शोधणे अवघड होते. सर्व नोडांची बायोस-मांडणी सारखी असावी, प्रत्येकाच्या जाळेपत्त्यांची यादी माल येण्याआधी मिळावी आणि प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना नाव असावे, या मागण्या क्षुल्लक दिसतात. पण त्या पूर्ण करणाऱ्या विक्रेत्याकडे क्लस्टर उभारण्याचा खरा अनुभव आहे असे समजायला हरकत नाही.

करारात आणखी दोन कलमे असावीत. पहिल्या कलमाने पुढील अठरा महिने किंवा दोन वर्षे त्याच जातीचे नोड ठरलेल्या दराने, किंवा तेव्हाच्या समतुल्य जातीचे नोड ठरलेल्या सूत्राने मिळावेत, जेणेकरून नवे अनुदान आल्यावर पुन्हा सगळी प्रक्रिया न करता क्लस्टर वाढवता येईल. स्विच आणि रॅकमध्ये त्यासाठी जागा आधीच मोकळी ठेवावी. दुसरे कलम यंत्रांच्या अखेरीचे आहे. एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार जुने सर्व्हर नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकारापर्यंत पोहोचले पाहिजेत, तेव्हा ते परत नेण्याची जबाबदारी विक्रेत्याची की संस्थेची, त्याचा मोबदला कोणाला, आणि साठवणीच्या डिस्का संस्थेसमक्ष कशा पुसल्या किंवा नष्ट केल्या जातील, हे खरेदीच्या दिवशीच लिहून घ्यावे.